दिवा मालवून बघ

अलिबागला आजीच्या घरी गॅस आला तरी पंपाचा स्टो बरीच वर्षं स्वयंपाकघरातून हलला नाही. पितळी टाकी, तीन पाय, बाजूला पंप आणि बर्नरच्या गळ्याशी एक उथळ वाटी. त्या वाटीत आजी बाटलीच्या बुचाने मोजून स्पिरिट घालायची, काडी लावायची आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायची. बर्नर नीट तापला तरच रॉकेलची वाफ होते. घाई करून आधीच पंप मारला तर वाफेच्या जागी पातळ रॉकेल उडतं, पेट घेतं आणि ज्वाळा आढ्याला भिडते. 'स्टोचा भडका' हे शब्द आमच्या पिढीने वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर इतक्यांदा वाचलेत की त्यांचा वेगळा अर्थ लागेनासा झाला होता. त्यातले कित्येक भडके स्टोने नव्हे, माणसांनी उडवलेले होते, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं.

एका दुपारी आजीने वाटीत स्पिरिट घालून पेटवलं आणि ती पीठ चाळायला बसली. खिडकीतून ऊन थेट ओट्यावर येत होतं. वाटीत मला काहीच दिसेना. विझलं असं समजून मी आणखी स्पिरिट घालायला बाटली उचलली. आजीने पिठाच्या हाताने माझं मनगट धरलं. ओरडली नाही. म्हणाली, "दिवा मालव, खिडकी लोट, मग बघ." अंधार झाला तशी वाटीच्या काठाशी बोटाच्या पेराएवढी निळी ज्योत दिसली. ती तिथेच होती, सगळा वेळ. माझ्या मनगटावर पिठाची चार बोटं उमटली होती.

हे मी विसरून गेले होते. आठवलं ते पुष्कळ वर्षांनी, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर.

गोथेनबर्गला आम्ही नोकरीसाठी आलो आणि इथल्या पद्धतीप्रमाणे चौथ्या वर्षी एक जुनी शिडाची होडी घेतली. आल्बिन वेगा नावाची ही होडी 1965 ते 1979 या काळात इथे तीन हजारांच्या वर बांधली गेली. त्यामुळे प्रत्येक बंदरात एखादी तरी दिसतेच. आमची 1973 ची. लांबी सव्वाआठ मीटर, आत चौघांना झोपण्यापुरती जागा, नवऱ्याला मान वाकवूनच उभं राहावं लागतं, आणि शिडीच्या पायथ्याशी हातरुमालाएवढं स्वयंपाकघर. त्यात दोन बर्नरचा स्पिरिटचा स्टो.

इथल्या लहान होड्यांवर गॅसपेक्षा स्पिरिट का, हा प्रश्न मला पहिल्या दिवशी पडला होता. उत्तर सोपं आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. प्रोपेन सुमारे दीडपट, ब्यूटेन दुप्पट. घरात गळती झाली तर दारं-खिडक्या उघडून तो जमिनीलगत बाहेर ढकलता येतो. होडीला खालच्या अंगाला दार नसतं. ती म्हणजे तळ बंद असलेलं एक पातेलंच. गळलेला गॅस तळाशी साठत जातो आणि बॅटरीच्या एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून होडीवर गॅस घ्यायचा तर सिलिंडरला वेगळी बंद पेटी लागते, तिच्या तळातून थेट बाहेर निघणारी नळी लागते, शिवाय वेगळा व्हॉल्व्ह. आपल्याकडच्या मासेमारी होड्यांवर मी सिलिंडर डेकवर उघड्यावर बांधलेला पाहिला आहे. तिथे वारा गळती उडवून नेतो. बंद केबिनच्या छोट्या होडीत वारा तेवढं काम करत नाही. स्पिरिटची बाटली सांडली तर पुसता येते, पाण्यात विरघळते आणि सुपरमार्केटात लिटरच्या बाटलीत मिळते. बोलीत तिला रोडस्प्रित, म्हणजे लाल स्पिरिट म्हणतात.

पण होडीबरोबर आलेला आमचा स्टो जुन्या दाबाच्या जातीचा होता. टाकी, पंप, बर्नरखाली वाटी. थेट आजीचा स्टो, फक्त रॉकेलच्या जागीही स्पिरिट. कधीकाळी होड्यांवर हीच जात पसरलेली होती, कारण 'स्पिरिटची आग पाण्याने विझते' ही एकच गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली.

पहिल्याच जूनमध्ये आम्ही गोथेनबर्गच्या दक्षिणेला, व्रोंगो बेटाजवळ नांगर टाकून चहा करत होतो. वाटीत स्पिरिट घालून मी पेटवलं. तेवढ्यात एक मोठी बोट जवळून गेली आणि तिच्या लाटेने आमची होडी डावी-उजवी झाली. वाटीतलं स्पिरिट उसळून ओट्यावर गेलं असणार. 'असणार' म्हणते, कारण मला दिसलं काहीच नाही. खिडकीतून ऊन येत होतं, ओटा लख्ख होता. मला दिसलं ते एवढंच: दांडीला लावलेल्या चहाच्या फडक्याची खालची कड तपकिरी झाली, मग काळी, आणि तो काळा पट्टा हळूहळू वर चढू लागला. ज्वाळा नाही, धूरही जेमतेम. जणू कोणी फडक्यावर शाई सोडत होतं.

नवऱ्याने हातातला मगभर पाणी फेकलं. पाण्याबरोबर आग ओट्यावरून पुढे सरकली आणि नकाशांच्या खणाच्या कडेला गेली. शेवटी शिडीजवळ टांगलेलं आग विझवायचं ब्लँकेट मी ओढलं आणि सगळ्यावर टाकलं. मिनिटभरात संपलं. माझ्या बोटांच्या मुळांवरची लव जळाली, तेवढंच. मुलगी तेव्हा चार वर्षांची, पुढच्या बाकावर झोपलेली. ती उठलीही नाही. आम्ही दोघं मात्र त्या दिवशी नंतर फारसं बोललो नाही.

पाण्याने ही आग विझते हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. अल्कोहोल आणि पाणी एकमेकांत मिसळतात, म्हणून भरपूर पाण्याने स्पिरिट इतकं पातळ होतं की जळत नाही. पण निम्मं पाणी घातलेलं स्पिरिटही काडी लावली की पेटतं. मगभर पाणी जोरात फेकलं तर पातळ होणं बाजूला राहतं, जळतं स्पिरिट पुढे वाहून जातं. त्यामुळे आता आमच्याकडे आधी झाकण, मग ब्लँकेट, आणि पाणी घ्यायचं तर बादलीने, ओतायचंही हलक्या हाताने, असा क्रम ठरलेला आहे. ब्लँकेट स्टोच्या वर टांगलेलं नाही. आग लागल्यावर आगीवरून हात नेऊन ते काढावं लागणार असेल तर त्याचा उपयोग काय?

त्या शरद ऋतूत आम्ही तो स्टो काढला आणि बिनदाबाचा बसवला. याची रचना मला मनापासून आवडते. टाकी नाही, पंप नाही, पिन मारायला नोझल नाही. चपट्या गोल डब्यात कापसासारखं दिसणारं पण न जळणारं तंतूंचं भरण असतं, ते स्पिरिट शोषून धरतं. डब्याच्या तोंडावर जाळी. त्यावर सरकणारी पत्र्याची झडप, बटण फिरवलं की तोंड कमी-जास्त उघडतं. पेटते ती फक्त तोंडाशी येणारी वाफ. एका डब्यात सुमारे सव्वा लिटर मावतं आणि चार-पाच तास चालतं. दाब नसल्यामुळे उसळून येण्यासारखं काही राहत नाही. होडी कलली तरी भरण स्पिरिटला सोडत नाही, अर्थात डबा बेताने भरलेला असेल तर.

भरायला मला शिकवलं ते बंदरातल्या शेजारच्या होडीवरच्या सत्तरीच्या बाईंनी. त्या एकट्या होडी चालवतात. त्यांनी डबा हातात घेतला, थोडा तिरका धरला, आणि जाळीच्या कडेशी स्पिरिट चमकायला लागलं तसं ओतणं थांबवलं. मग डबा उलटा करून दाखवला. चार थेंब पडले. ते त्यांनी फडक्याने टिपले, फडकं बाहेर वाऱ्याला लावलं आणि हात धुतले. हे सगळं कॉकपिटमध्ये, म्हणजे केबिनबाहेरच्या उघड्या बैठकीत. केबिनमध्ये बाटली उघडायचीच नाही. आणि डबा गरम असताना भरायचा नाही, किती गरम याची चर्चाही करायची नाही: दोन्ही तळवे डब्याला लावून शांतपणे दहा आकडे मोजता आले पाहिजेत. मोजताना हात काढावासा वाटला तर डबा गरम आहे.

हा गरम डब्याचा नियम इतका कडक का, ते मी नंतर शोधून समजून घेतलं, आणि ते कळल्यापासून मला स्पिरिटची अर्धी बाटली वेगळीच दिसते. हवेत अल्कोहोलची वाफ साधारण 3.3 ते 19 टक्क्यांच्या मध्ये असेल तरच ते मिश्रण पेटतं. त्याखाली फार विरळ, त्यावर फार दाट. पेट्रोलच्या बंद डब्यात नेहमीच्या तापमानाला वाफ इतकी दाट असते की आतलं मिश्रण सहसा पेटण्याच्या पलीकडे गेलेलं असतं. स्पिरिटच्या बाटलीत 20 अंशांना वाफ भरते ती सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बरोबर पेटण्याच्या पट्ट्यात. अर्धी रिकामी बाटली न दिसणाऱ्या ज्योतीवर वाकवली, तर ज्योत धारेवरून बाटलीच्या तोंडात शिरते, आतली वाफ एका क्षणात पेटते आणि उरलेलं जळतं स्पिरिट पिचकारीसारखं बाहेर फेकलं जातं. समोर जो असेल त्याच्या अंगावर. बहुतेक वेळा समोर मूल असतं, कारण मोठी माणसं काहीतरी ओतत असली की मुलं बघायला येतात.

आजीच्या ओट्यापाशी मी त्याच जागी उभी होते, बाटली हातात घेऊन.

कोविडच्या काळात हाताला सॅनिटायझर चोळून लगेच गॅस पेटवू नका, असं आपल्याकडे घरोघर सांगितलं जात होतं. तो इशारा याच ज्योतीबद्दल होता. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल असंच निळं, दिवसा जवळजवळ न दिसणारं जळतं. चटका कळतो, आग दिसत नाही.

एक गोष्ट मी कुणालाही, न विचारता, सांगते. स्पिरिट दुसऱ्या बाटलीत काढून ठेवू नये. होडीवर जागा कमी, म्हणून लोक लिटरच्या बाटलीतून पाण्याच्या छोट्या बाटलीत भरतात. स्पिरिट पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात मुद्दाम काहीबाही मिसळलेलं असतं, काही ठिकाणी मिथेनॉल. 2015 साली मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली ती मिथेनॉलनेच. अंधारात तहान लागलेलं मूल बाटलीवरची चिठ्ठी वाचत नाही. मूळ बाटली, मूळ बूच, कुलूपबंद खण. याला आमच्याकडे अपवाद नाही.

स्टो बंद असतानाही डब्यातून वाफ उडत राहते, म्हणून काम झाल्यावर, डबा गार झाल्यावर, तोंडावर रबराची चकती बसवायची. पेटवण्याआधी ती काढायची आठवण राहावी म्हणून आम्ही लायटर त्या चकतीच्याच खणात ठेवतो.

आणि केबिनचं तोंड उघडं हवं. शिडीच्या वरचं झाकण, पाऊस असला तरी, चार बोटं तरी उघडं. कुठल्याही ज्योतीला प्राणवायू लागतो, आणि थंड भांड्याचा तळ ज्योतीत बुडाला की जळणं अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. म्हणून छताजवळ त्याचा अलार्म आहे आणि केबिन उबदार करण्यासाठी स्टो पेटवणं बंद. त्यात आणखी एक गंमत आहे जी मला रसायनशास्त्राच्या वर्गात कुणी सांगितली नव्हती: लिटरभर अल्कोहोल जळलं की नऊशे ग्रॅमच्या वर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. जवळजवळ लिटरला लिटर. सप्टेंबरात सकाळी छतावरून थेंब गळायला लागतात, पांघरुणं ओली होतात, ते समुद्राचं पाणी नसतं. आदल्या रात्रीची खिचडी असते.

स्पिरिटची आच मंद. लिटरमागे उष्णता रॉकेलच्या साधारण साठ टक्के. लिटरभर पाण्याला आधण यायला आमच्याकडे दहाएक मिनिटं लागतात, वारा आत येत असला तर जास्त. इथल्या लोकांची याबद्दल तक्रार असते. मला तक्रार नाही, कारण आपल्याकडे प्रेशर कुकर आहे. तीन लिटरचा छोटा कुकर मी अलिबागहून सामानात आणला आणि होडीवर त्याच्याइतकं उपयोगी भांडं दुसरं नाही. पहिल्या शिट्टीला वेळ लागतो. पण एकदा दाब धरला की आच बारीक करून डाळ-तांदूळ थोडक्या स्पिरिटमध्ये शिजतात. मुख्य म्हणजे झाकण घट्ट बसलेलं असतं. भांडं घसरलं, अगदी ओट्यावरून खाली पडलं, तरी उकळतं वरण कुणाच्या पायावर सांडत नाही. मला आगीइतकीच भीती उकळत्या पाण्याची वाटते. म्हणून स्टोपाशी उभं राहताना उन्हाळ्यातसुद्धा मी छातीपर्यंत येणारी रबरी विजार आणि बूट घालते. मुलीला ते विचित्र वाटतं. वाटू दे.

फोडणी होडीवर करत नाही. फोडणीचं तापलेलं तेल आणि हलती जमीन या दोन गोष्टी मी एकत्र आणणार नाही. हिंग-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी घरून बाटलीत करून आणते आणि शिजलेल्या वरणावर चमचाभर घालते. चरचर होत नाही, वास मात्र येतो. बरोबर मेतकूट, भाजलेले पोहे, कोकम. शिडं वर असताना आम्ही स्टो पेटवतच नाही. मोठ्या होड्यांवर स्टो झुल्यावर टांगलेला असतो, होडी कलली तरी तो सपाट राहतो. आमचा ओट्याला पक्का बसवलेला आहे, भांडं धरायला दोन पट्ट्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर उघड्या समुद्रात भात लावण्याची मला गरज वाटत नाही. सकाळी थर्मास भरून घेतो. त्यात संध्याकाळपर्यंत चहा पुरतो.

मागच्या जुलैत मार्स्ट्रांड गावाच्या उत्तरेला एका खडकाळ खाडीत होतो. इथे धक्का नसलेल्या ठिकाणी मागे नांगर टाकून होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, सरळ खडकाला बांधतात. भरती-ओहोटी जेमतेम वीतभर, त्यामुळे ते जमतं. अलिबागला असं बांधलं तर सहा तासांनी होडी चिखलात आडवी. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि ऊन अजून केबिनमध्ये तिरकं पडलेलं. जूनजुलैत इथे सूर्य दहाच्या आसपास मावळतो. खिचडी झाली होती, मुलीला कोको हवा होता, आणि डाव्या बर्नरची आच संपत आल्यासारखी वाटत होती. मी बटण बंद केलं. ज्योत दिसत नव्हती, पण ती तशी आधीही दिसत नव्हतीच.

"विझला," मी म्हणाले आणि नवऱ्याला कॉकपिटमध्ये बाटली काढायला सांगितलं.

मुलगी आता नऊ वर्षांची. आजीची गोष्ट तिने माझ्याकडून बऱ्याचदा ऐकली आहे, पीठ लागलेल्या मनगटासकट. तिने मला विचारलं, "पण दिवा कसा मालवायचा? बाहेर तर ऊन आहे." आणि उत्तराची वाट न बघता भांड्यांच्या खणातून स्टीलचं ताट काढलं. लांब उभी राहून, हात ताणून, तिने ते खिडकी आणि स्टोच्या मध्ये उभं धरलं. ओट्यावर ताटाची गोल सावली पडली.

सावलीत, झडपेच्या एका कडेला, निळी ज्योत होती. बोटाच्या पेराएवढी. झडपेच्या खोबणीत मीठ साचलं होतं आणि ती तसूभर उघडी राहिली होती.

"अजून आहे," ती म्हणाली. ताट तिने हलवलं नाही.

मी बटण मागे-पुढे केलं, झडप करकरली आणि बसली. निळं गेलं. वर कॉकपिटमध्ये नवऱ्याने बाटलीचं बूच पुन्हा लावल्याचा आवाज आला. आम्ही घड्याळ लावलं, ताटल्या घेऊन वर गेलो आणि गार होत चाललेली खिचडी खात बसलो. कोकोला अजून वेळ होता.